ताऱ्यांच्या उत्क्रांतीवर संशोधन: या कामाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ताऱ्यांच्या जीवनक्रमावर काम करते असं सांगितलं की पुढचे प्रश्न बहुतेक ठरलेले असतात. विद्यार्थी विचारतात, त्यांचे आईवडील विचारतात, कधी पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला अडकलेलं कुणीतरी हळू आवाजात विचारतं. तीच उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत.

या कामात नेमकं करायचं काय असतं?

तारा कसा जन्मतो, किती काळ टिकतो, आतून कसा बदलत जातो आणि शेवटी त्याचं काय उरतं, हे भौतिकशास्त्राच्या नियमांनी समजून घ्यायचं. ‘उत्क्रांती’ या शब्दाने थोडा घोटाळा होतो. जीवशास्त्रात ती पिढ्यान्‌पिढ्यांची असते, इथे ती एकाच ताऱ्याची असते. सूर्याच्या केंद्राशी तापमान सुमारे दीड कोटी अंश आहे आणि तिथलं द्रव्य पाण्याच्या दीडशे पट घन आहे. तिथे हायड्रोजनची अणुकेंद्रं जुळून हेलियम बनतो. हा साठा हळूहळू संपतो, आणि म्हणून तारा बदलतो.

काम करणाऱ्यांच्या तीन वाटा आहेत. काही जण संगणकावर ताऱ्यांची प्रारूपं बनवतात. काही जण दुर्बिणींमधून आलेला प्रकाश तपासतात. तिसरी वाट फारशी कुणाला माहीत नसते, ती प्रयोगशाळेची. इटलीत ग्रान सासो डोंगराखाली, सुमारे १४०० मीटर खडकाच्या आड, ताऱ्यांच्या पोटात घडणाऱ्या अणुकेंद्रीय अभिक्रिया मोजतात. या अभिक्रिया इतक्या विरळ असतात की जमिनीवर वैश्विक किरणांच्या माऱ्यात त्या ऐकूच येणार नाहीत.

खगोलशास्त्रज्ञ आणि खगोलभौतिकशास्त्रज्ञ यांत फरक काय?

आता जवळजवळ काहीच नाही. विभागाच्या पाटीवर जे लिहिलेलं असतं ते लोक लावतात.

तारा कोट्यवधी वर्षं जगतो, माणूस जेमतेम ऐंशी. मग तो बदलतो हे कळतं कसं?

माझ्या मते या विषयातला हा सगळ्यात सुंदर प्रश्न आहे. आपल्या वाट्याला प्रत्येक ताऱ्याचा एकच क्षण येतो. त्या सुट्या क्षणांची ओळ लावायची कशी?

पहिली मदत तारकागुच्छांची होते. गुच्छातले तारे एकाच ढगातून, जवळपास एकाच वेळी जन्मलेले असतात आणि आपल्यापासून साधारण सारख्याच अंतरावर असतात. त्यांच्यात मोठा फरक उरतो तो वस्तुमानाचा. जड ताऱ्याकडे इंधन जास्त असतं, पण तो ते उधळपट्टीने संपवतो आणि आधी म्हातारा होतो. कृत्तिकांचं वय साधारण १० कोटी वर्षं आहे. तिथे निळे, तेजस्वी तारे अजून शाबूत आहेत. एम ६७ नावाचा गुच्छ सुमारे ४०० कोटी वर्षांचा आहे. तिथले सूर्यापेक्षा थोडे जड तारे फुगून तांबडे राक्षसी झालेत आणि त्यांच्याहून जड असलेले केव्हाच विझलेत. ताऱ्यांचं तेज आणि रंग एका आलेखावर मांडले की कोणत्या वस्तुमानाचे तारे मुख्य अनुक्रमापासून, म्हणजे गाभ्यात हायड्रोजन जुळवत असलेल्या ताऱ्यांच्या पट्ट्यापासून, ढळायला लागलेत ते दिसतं, आणि त्यावरून गुच्छाचं वय निघतं. हा आलेख हर्ट्‌झस्प्रुंग आणि रसेल या दोघांनी १९११ ते १९१३च्या सुमारास स्वतंत्रपणे पुढे आणला. आजही आमचं निम्मं बोलणं याच आलेखावर बोट ठेवून चालतं.

दुसरा पुरावा मला फार आवडतो. १९५२ मध्ये पॉल मेरिल यांना काही तांबड्या राक्षसी ताऱ्यांच्या वर्णपटात, म्हणजे रंगांत विभागलेल्या प्रकाशात, टेक्नेशियम सापडलं. या मूलद्रव्याचा एकही प्रकार स्थिर नाही. सगळ्यात टिकाऊ प्रकारसुद्धा सुमारे ४२ लाख वर्षांत निम्मा होतो. तारा त्याहून कितीतरी म्हातारा, म्हणजे हे टेक्नेशियम जन्मापासूनचं असूच शकत नाही. ते त्या ताऱ्याच्या पोटात अलीकडेच तयार झालं आणि ढवळून वर आलं. मूलद्रव्यं ताऱ्यांमध्ये घडतात, याचा हा थेट पुरावा.

तिसरी मदत कंपनांची. तारे सतत थरथरत असतात, त्यामुळे त्यांचं तेज अगदी किंचित कमीजास्त होतं. केप्लर अवकाश दुर्बिणीने ते इतक्या बारकाईने टिपलं की २०११ मध्ये एक जुना पेच सुटला. दोन तांबडे राक्षसी तारे बाहेरून हुबेहूब दिसतात, पण एकात गाभ्याभोवतीच्या कवचात हायड्रोजन जुळतोय आणि दुसऱ्याच्या गाभ्यात हेलियम पेटलाय. आता कंपनांवरून ते वेगळे ओळखता येतात.

शेवटची पावलं मात्र माणसाच्या घड्याळात मोजता येतील इतकी जलद असतात. सूर्याच्या २५ पट वस्तुमानाच्या ताऱ्याला हायड्रोजन सुमारे ७० लाख वर्षं पुरतो, कार्बन काही शतकं, ऑक्सिजन सुमारे सहा महिने आणि सिलिकॉन जेमतेम एक दिवस.

रात्रभर दुर्बिणीला डोळा लावून बसावं लागतं का?

नाही. मोठ्या दुर्बिणींना डोळा लावायची सोयच नसते. निरीक्षण हवं असेल तर प्रस्ताव लिहायचा, समिती तो तपासते, आणि मंजूर झाला तर बऱ्याचदा वेधशाळेतले लोकच तुमचं निरीक्षण करून माहिती पाठवतात. प्रस्ताव लिहिणं ही या कामातली मोठी कला आहे, कारण नामवंत दुर्बिणींकडे उपलब्ध वेळेच्या कित्येक पट मागणी असते. हबल दुर्बिणीच्या प्रस्तावांमध्ये २०१८ पासून परीक्षकांना अर्जदारांची नावं दिसत नाहीत. हा बदल मला फार मोलाचा वाटतो. नाव पाहून नाही, प्रश्न पाहून वेळ मिळायला हवा.

आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांना सांगावीशी वाटते. बहुतेक मोठ्या दुर्बिणींची माहिती ठरावीक काळानंतर, सहसा वर्षभराने, सर्वांसाठी खुली होते. गाया या युरोपीय अवकाश मोहिमेने सुमारे १८० कोटी ताऱ्यांची स्थानं आणि तेज मोजलं. ते सगळं कुणालाही फुकट उतरवून घेता येतं. दुर्बीण नाही म्हणून संशोधन अडत नाही.

मग दिवस जातो कशात?

सकाळी अर्काइव्हवर (arXiv, शोधनिबंधांचं खुलं संकेतस्थळ) नवे शोधनिबंध चाळण्यात. मग कोड, आलेख, विद्यार्थ्यांशी बोलणं, कुणाच्या तरी निबंधाचं परीक्षण, शिकवणं. सगळ्यात जास्त वेळ जातो काहीतरी का चालत नाही हे शोधण्यात. एकदा माझं प्रारूप सलग नऊ दिवस हेलियम पेटायच्या टप्प्यावर कोलमडत होतं. तो टप्पा मुळातच अवघड असतो, म्हणून मी भौतिकीतच कारणं शोधत राहिले. चूक निघाली एका एककात. ताऱ्यातून द्रव्य उडून जाण्याचा दर दर वर्षाला किती ते मी दिलं होतं, प्रोग्रॅम तो दर सेकंदाला समजत होता. तेव्हापासून भौतिकीवर शंका घेण्याआधी मी एककं तपासते.

संगणकावरच्या ताऱ्यावर कितपत विश्वास ठेवायचा?

या प्रश्नाचं उत्तर नीट कळलं तर बाकीचं सगळं मागून शिकता येतं, असं माझं ठाम मत आहे.

प्रारूपाचा सांगाडा चार समीकरणांचा असतो. कोणत्या थरात किती वस्तुमान आहे, गुरुत्वाकर्षण आणि दाब यांचा तोल, ऊर्जा कुठे तयार होते, आणि ती बाहेर कशी येते. पहिल्या तिन्हींबद्दल आम्ही बरेच निश्चिंत असतो. अडतं ते चौथ्यात. ताऱ्याचे काही थर उकळत्या पाण्यासारखे खालवर होत ऊर्जा वाहून नेतात, त्याला अभिसरण म्हणतात. हा खळखळाट खऱ्याखुऱ्या तपशिलासह ताऱ्याच्या पूर्ण आयुष्यभर मोजणं आजच्या संगणकांनाही झेपत नाही. म्हणून १९५८ मध्ये एरिका बोम-वितेन्से यांनी मांडलेली एक सोपी रीत अजून वापरतात. तीत एक संख्या हाताने घालावी लागते. ती कशी ठरवतात? सूर्याचं प्रारूप ४५७ कोटी वर्षं चालवायचं आणि सूर्याची आजची त्रिज्या आणि तेज बरोबर येईपर्यंत ती संख्या फिरवायची. मग तीच संख्या इतर ताऱ्यांनाही लावायची. ती सगळ्या ताऱ्यांत सारखीच असेल असं मानायला भक्कम कारण नाही, आणि हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे.

म्हणून आपल्या उत्तरातला कोणता भाग नियमांतून आला आणि कोणता अशा हाताने घातलेल्या संख्येतून, हे ज्याला प्रत्येक ओळीला सांगता येतं तो या कामासाठी तयार झाला, असं मी मानते.

तारा आणि प्रारूप जुळले नाहीत तर दोष कुणाचा, हे आधी कळत नाही. तीन उदाहरणं सांगते.

फेब्रुवारी १९८७ मध्ये मोठ्या मॅगेलनी मेघात, म्हणजे आपल्या शेजारच्या एका छोट्या दीर्घिकेत, एक अतिनवतारा (सुपरनोव्हा, ताऱ्याचा स्फोट) दिसला. जुने फोटो काढून पाहिलं तर स्फोट झालेला तारा निळा महाराक्षसी होता. पाठ्यपुस्तकांनुसार तो तांबडा असायला हवा होता. इथे प्रारूपं कमी पडली. तो तारा मुळात दोन तारे एकत्र येऊन बनला असावा, हे आज अनेकांना पटणारं स्पष्टीकरण आहे.

दुसरं उदाहरण सूर्याच्या न्यूट्रिनोंचं, म्हणजे द्रव्यातून जवळजवळ न अडता जाणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचं. अमेरिकेतल्या होमस्टेक सोन्याच्या खाणीत रेमंड डेव्हिस यांनी ड्रायक्लीनिंगच्या द्रवाने भरलेली प्रचंड टाकी ठेवून सूर्याकडून येणारे न्यूट्रिनो मोजले. जॉन बहकॉल यांच्या गणितापेक्षा ते सुमारे एक तृतीयांशच निघाले. तीसेक वर्षं लोक म्हणत राहिले, सूर्याचं प्रारूप चुकलंय किंवा प्रयोग तरी चुकलाय. दोन्ही बरोबर होते. न्यूट्रिनो वाटेत आपला प्रकार बदलतात, हे कॅनडातल्या सडबरी वेधशाळेने २००१-०२ मध्ये दाखवलं. ताऱ्याच्या प्रारूपाने कणभौतिकीला तिची चूक दाखवून दिली होती.

तिसरं उदाहरण फारसं सांगितलं जात नाही. सेफीड या नियमितपणे फुगणाऱ्या-आकसणाऱ्या ताऱ्यांच्या स्पंदनांवरून काढलेलं वस्तुमान आणि उत्क्रांतीच्या प्रारूपांवरून काढलेलं वस्तुमान जुळत नव्हतं. १९८२ मध्ये नॉर्मन सायमन यांनी एक विनंतीवजा निबंध लिहिला: जड मूलद्रव्यं प्रकाश किती अडवतात त्याची कोष्टकं पुन्हा तपासा. पुढच्या दहाएक वर्षांत दोन गटांनी ती नव्याने मोजली. लोहासारख्या मूलद्रव्यांची अपारदर्शकता खरोखरच फार कमी धरली गेली होती. प्रारूप बरोबर होतं, निरीक्षणंही बरोबर होती. चूक होती ती कुणीच उघडून न पाहिलेल्या कोष्टकात.

गणित किती लागतं?

बरंच, पण स्पर्धेतलं झटपट गणित नाही. अवकल समीकरणं, रेषीय बीजगणित आणि संख्याशास्त्र हवंच. भौतिकीत उष्मागतिकी, पुंजभौतिकी आणि सांख्यिकीय भौतिकी पक्की हवी. एका समीकरणाने काय होऊ शकतं ते पाहा. १९२० मध्ये मेघनाद साहा यांनी कोणत्या तापमानाला आणि दाबाला किती अणू आयनीभूत होतील, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावतील, याचं सूत्र दिलं. त्याच्या आधारे १९२५ मध्ये सेसिलिया पेन यांनी दाखवलं की ताऱ्यांच्या वर्णपटांत धातूंच्या रेषा ठळक दिसतात त्या तापमानामुळे. प्रत्यक्षात तारे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचे आहेत.

प्रोग्रॅमिंग कोणतं शिकू?

आधी पायथन. नंतर फोरट्रान वाचता येण्याइतपत, कारण मेसा नावाचा, ताऱ्यांची उत्क्रांती मोजणारा आणि जगभर वापरला जाणारा मुक्त प्रोग्रॅम त्यात लिहिलेला आहे. साध्या लॅपटॉपवर एका संध्याकाळी तुम्ही सूर्यासारखा तारा जन्मापासून तांबड्या राक्षसी अवस्थेपर्यंत नेऊ शकता. जरूर करून पाहा. तारा पहिल्यांदा आलेखावर वळण घेतो तो क्षण मला अजून आठवतो.

किती वर्षं शिकावं लागतं?

पदवी तीन-चार वर्षं, पदव्युत्तर दोन, पीएचडी साधारण चार ते सहा. त्यानंतर पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधन-नोकऱ्या, प्रत्येकी दोन-तीन वर्षांचे, बहुतेकांच्या वाट्याला दोन किंवा तीन आणि अनेकदा वेगवेगळ्या देशांत. कायमची जागा मिळेपर्यंत तिशी उलटून गेलेली असते. पदवीला भौतिकशास्त्र घ्या. खगोलशास्त्राची पदवी मिळाली तर छान, पण ती आवश्यक नाही.

पीएचडीसाठी मार्गदर्शक कसा निवडायचा?

विषयापेक्षा माणूस महत्त्वाचा. त्या गटातून बाहेर पडलेल्या दोघा-तिघांना विचारा: चुका दाखवल्यावर मार्गदर्शक कसे वागत? तुमच्या निबंधात तुमचं नाव पहिलं असे का? भेट ठरली की ती होत असे का? ही उत्तरं मिळाली नाहीत तर ते मौनही उत्तरच समजा. पाच वर्षं ज्या माणसासमोर ‘मला हे कळलं नाही’ म्हणता येणार नाही, त्याच्याकडे कितीही आकर्षक विषय असला तरी जाऊ नका.

कायमची नोकरी मिळते का?

सगळ्यांना नाही. पीएचडी करणाऱ्यांपेक्षा कायमच्या जागा फार कमी आहेत, आणि हे लपवून विद्यार्थ्यांना घेणं मला चूक वाटतं. विद्यापीठं, संशोधन संस्था, वेधशाळा, अवकाश मोहिमांचे तांत्रिक गट, तारांगणं या कामाच्या जागा. बरेच जण माहिती-विश्लेषण, वैद्यकीय प्रतिमा, हवामानाची प्रारूपं, शिक्षण याकडे वळतात. त्यांना ‘क्षेत्र सोडलेले’ म्हणू नये. गोंगाटातून अंधूक संकेत वेगळा काढणं आणि आपल्या उत्तरात अनिश्चितता किती हे सांगणं, हे ते इथे शिकले आणि तिथे तेच करतात.

एक सल्ला: पोस्टडॉक सुरू असतानाच दुसऱ्या वाटेची माहिती काढून ठेवा. ती हार नव्हे.

वरिष्ठांनी माझा निष्कर्ष चूक ठरवला तर?

सेसिलिया पेन यांच्या बाबतीत हेच झालं. हायड्रोजनचं एवढं प्रमाण अशक्य आहे, असं हेन्री नॉरिस रसेल यांनी त्यांना कळवलं आणि पेन यांनी आपल्या प्रबंधात तो आकडा बहुधा खरा नसावा असं लिहून टाकलं. चार वर्षांनी रसेल स्वतः त्याच निष्कर्षाला पोहोचले. चंद्रशेखर यांनी १९३० मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, बोटीच्या प्रवासात श्वेतबटू ताऱ्याला, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याच्या उरलेल्या घट्ट गाभ्याला, वस्तुमानाची कमाल मर्यादा असते हे गणिताने काढलं. आज ती सूर्याच्या सुमारे १.४ पट मानतात. जानेवारी १९३५ मध्ये लंडनच्या सभेत तेव्हाचे नामवंत खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांनी ते जाहीरपणे उडवून लावलं. काही वर्षांत चंद्रशेखर दुसऱ्या विषयाकडे वळले. १९८३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

या कथा सहसा ‘शेवटी सत्याचा विजय झाला’ म्हणून सांगतात. मला त्यात गेलेली वर्षं दिसतात. तेव्हा वरिष्ठ ‘चूक’ म्हणाले तर नम्रपणे एकच विचारा: कोणत्या पायरीवर? पायरी दाखवली तर ती तपासा. दाखवता आली नाही तर आपला आकडा प्रबंधात आहे तसा राहू द्या.

आता नवं शोधायला काय उरलंय?

पुष्कळ. तांबड्या राक्षसी ताऱ्यांचे गाभे सिद्धांत सांगतो त्यापेक्षा फार सावकाश फिरतात, म्हणजे फिरकीचा जोर कुठेतरी बाहेर जातोय आणि कसा ते नीट कळलेलं नाही. २०१२ मधल्या एका अभ्यासाने दाखवलं की सर्वांत जड ताऱ्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक तारे आयुष्यात कधीतरी जोडीदाराशी द्रव्याची देवघेव करतात. एकट्या ताऱ्याची प्रारूपं बनवत बसलेल्या आम्हा लोकांना त्यामुळे बरंच काही पुन्हा मोजावं लागतंय. १४ सप्टेंबर २०१५ रोजी गुरुत्वीय लहरींनी, म्हणजे अवकाश-काळात उठलेल्या तरंगांनी, सूर्याच्या ३६ आणि २९ पट वस्तुमानाच्या दोन कृष्णविवरांची टक्कर कळवली. इतकी जड कृष्णविवरं मागे ठेवणारे तारे कसे असतील, यावर तेव्हापासून जोरात काम सुरू आहे. आणि कार्बन व हेलियम जुळून ऑक्सिजन होण्याचा वेग, ज्यावर विश्वातलं या दोन मूलद्रव्यांचं प्रमाण ठरतं, तो अजूनही हवा तितका अचूक मोजता आलेला नाही.

यंत्र-शिक्षणामुळे (मशीन लर्निंग) हे काम संपेल का?

कोट्यवधी वर्णपट निवडायला त्याची मोठी मदत होते. पण न उघडलेलं कोष्टक उघडून पाहायचं, हे अजून तरी माणसालाच सुचावं लागतं.

मी अजून शाळेत आहे. आत्ता काय करू?

एक बदलता तारा निवडा आणि त्याचं तेज शेजारच्या ताऱ्यांशी ताडून वहीत तारखेसह लिहा. मृगातला काक्षी (बेटेलज्यूज) साध्या डोळ्यांनी जमतो. रोहिणी आणि प्रश्वा यांच्याशी तुलना करा. अशा हौशी नोंदी १९११ पासून आव्हसो (AAVSO) ही बदलत्या ताऱ्यांच्या निरीक्षकांची अमेरिकी संस्था गोळा करते आणि संशोधक त्या खरोखर वापरतात.

काक्षीचा स्फोट मला पाहायला मिळेल का?

२०१९च्या अखेरीस तो एकाएकी मंदावला तेव्हा हा प्रश्न मला रोज येत होता. ती स्फोटाची चाहूल नव्हती. पृष्ठभागाचा एक भाग थंड झाला आणि ताऱ्याने फेकलेल्या वायूची धूळ होऊन ती आपल्या बाजूला आडवी आली. त्याच्या गाभ्यात बहुधा अजून हेलियमच जुळतोय. स्फोट येत्या लाखभर वर्षांत केव्हाही होईल, असा साधारण अंदाज आहे.

झालाच, तर प्रकाशाआधी न्यूट्रिनो पोहोचतील. १९८७ मध्ये तीन ठिकाणच्या यंत्रांनी मिळून असे सुमारे २५ न्यूट्रिनो पकडले होते, तेही प्रकाश दिसायच्या काही तास आधी. आता अशा यंत्रांचं जगभर जाळं आहे. स्न्यूज नावाची त्यांची सूचना यंत्रणा कुणालाही ईमेलने कळवते. मी नाव नोंदवलंय, तुम्हीही नोंदवा.